बोरसीचा मुक्काम आणि दशांशाचा गुणाकार

बरेच दिवसांनी लिहितोय, आणि यावेळी बर्फ नाही, बंकर नाही, पेट्रोलिंग नाही. यावेळी गणित आहे. फौजी माणसाच्या लिखाणात सहावीचं गणित कुठून आलं म्हणाल, तर वाचा पुढे.

सध्या मुक्काम बोरसी. पत्त्यावर कुणी पुढे भिलाई लिहितं, कुणी दुर्ग लिहितं. दोन्ही जुळी शहरं, पोस्टमनला काहीही चालतं. मी इथं एनसीसी बटालियनवर पीआय स्टाफ म्हणून आलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉलेजच्या पोरापोरींना ड्रिल, हत्यार, नकाशा शिकवायला रेजिमेंटमधून जे हवालदार-सुभेदार पाठवतात, ते आम्ही. दोनेक वर्षांची ड्यूटी. फील्डमधून आलेल्या माणसाला ही पोस्टिंग म्हणजे आंघोळीला गरम पाणी मिळाल्यासारखं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फॅमिली सोबत ठेवता येते.

दिवाळी झाली आणि मी घरच्यांना घेऊन आलो. साताऱ्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसला बसलो, ती गोंदियाला संपते. तिथून दुसरी गाडी, डोंगरगड, राजनांदगाव आणि दुर्ग. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझी सोळा वर्षं नोकरी झाली, पोर अकरा वर्षांची. वर्षाची साठ दिवसांची सुट्टी आणि कॅज्युअल धरून सगळी बेरीज केली, तर तिच्या आयुष्यातली अडीच वर्षंसुद्धा मी तिच्यासोबत एका छपराखाली काढलेली नाहीत. ही दोन वर्षं म्हणजे काय, ते फौजी घरातल्या माणसाला सांगायला नको.

डिसेंबरात शाळेनं बोलावलं. शाळेचं नाव लिहीत नाही. गणितात वीसपैकी चार. बाईंचं म्हणणं असं की पोर कच्ची आहे, एक तर पाचवीत बसवा, नाहीतर जूनमध्ये नव्यानं सहावीत घाला. मी एक संधी मागितली. जानेवारीच्या अखेरीस पुन्हा चाचणी घेऊ, तोवर बघू, असं ठरलं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "वर्ष वाया घालवायचं नाही. जमलं नाही तर मी तिला घेऊन गावी जाते. तिथली शाळा तिला कळते." चुकीचं काही बोलली नाही. पण त्या दोन खोल्या पुन्हा रिकाम्या दिसायला लागल्या मला. आपल्याकडे एखादं ठाणं हातातून जाणार असेल तर आधी रेकी करतात. मी पोरीची गणिताची वही मागितली.

धडा होता दशांशाच्या गुणाकाराचा. वही बघितली आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की पोरीला गुणाकार उत्तम येतो. पाढे पाठ, हातचे बरोबर. ३.२ × १.४ ला तिनं ३२ गुणिले १४ करून ४४८ आणले होते, अगदी बरोबर. फक्त चिन्ह दिलं होतं ४४.८ असं. पानभर हाच प्रकार. विचारलं, हे चिन्ह इथं का? म्हणाली, "पप्पा, वर दोन्हीकडे एका अंकानंतर आहे, म्हणून खाली पण एका अंकानंतर. बेरजेत तसंच करतात."

म्हणजे पोर कच्ची नव्हती. बेरजेचा नियम तिनं इमानदारीनं गुणाकाराला लावला होता. बेरजेत चिन्हाखाली चिन्ह सरळ उतरतं, कारण तिथं दहावा भाग दहाव्या भागातच मिळवायचा असतो. गुणाकारात दहावा भाग दहाव्या भागाला भेटला की शंभरावा भाग तयार होतो. ३.२ म्हणजे दहाचे ३२ भाग, १.४ म्हणजे दहाचे १४ भाग. ३२ चौदे ४४८, पण ते आता शंभराचे भाग आहेत. म्हणून ४.४८. दोन्हीकडचे चिन्हानंतरचे अंक मोजा, मिळवा, तितके अंक उजवीकडून सोडा, हा जो नियम पुस्तकात असतो तो इथून येतो.

हे मी तिला एका दमात सांगितलं असतं तर तिनं मान हलवली असती आणि दुसऱ्या दिवशी विसरली असती. रंगरूट असताना मी स्वतः कित्येक गोष्टींना अशी मान हलवलेली आहे. त्यामुळे ठरवलं, घाई नको. पाच आठवडे आहेत.

पहिली अडचण भाषेची होती. गावच्या शाळेत दशांश चिन्ह, इथं वर्गात दशमलव. गावी गुणाकार, इथं गुणनफल. त्यात वर्गातली पोरं २.४५ ला "दो दशमलव पैंतालीस" वाचायची, ती पण तसंच वाचायला लागली. पंचेचाळीस म्हटलं की तिला ते २.५ पेक्षा मोठं वाटायचं, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. इथं फौजेची सवय कामाला आली. वायरलेस सेटवर आम्ही आकडा असा एकत्र कधीच बोलत नाही, एकेक अंक सुटा बोलतो. दोन, दशांश, चार, पाच. मी घरात तसा हुकूमच काढला. चार दिवस आमच्या घरी भाजीचा हिशोबसुद्धा सेटवर बोलल्यासारखा चालला होता. ही वैतागली, पण पोर हसायला लागली. दशमलव म्हणो की दशांश, चिन्हानंतरचा पहिला अंक दहाव्या भागाचा, दुसरा शंभराव्याचा, एवढं तिच्या डोक्यात बसलं.

दुसरी मदत शेजारच्या काकांची. काका मूळचे नागपूरकडचे, भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त. या भागात मराठी घरं बरीच आहेत. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर १८५४ पर्यंत होती, आणि १९०० साली इथल्या पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रेही मराठीच. पुढे कारखान्यामुळे आणखी लोक आले. काकांचं बोलणं ऐकायला गोड. एका संध्याकाळी पोर ओट्यावर वही घेऊन रडवेली बसलेली, तर काका कुंपणाच्या पलीकडून, "काऊन रडून राहिली गं पोरी?"

तिनं सांगितलं. काका आत आले, पेन्सिल घेतली आणि रुळाचा आडवा छेद काढला. म्हणाले, "हा बावन्न किलोचा रूळ. म्हणजे एक मीटर कापला तर बावन्न किलो. पण हे झालं नाव. खरं वजन ५१.८९. आता तेरा मीटरचा रूळ किती भरेल?"

पोरीनं ५१८९ ला १३ नं गुणलं. ६७४५७. आणि चिन्ह कुठं द्यायचं म्हणून थांबली.

काका म्हणाले, "बोटं नको मोजू. आधी अंदाज सांग. बावन्न तेरी?"

"सहाशे शहात्तर."

"मग ६.७४ किलोचा रूळ असेल का? तो तर तूच उचलून नेशील. ६७४५ किलो? नाही. मग कुठं येईल?"

"६७४.५७."

"झालं नं बाप्पा."

मला हे फार आवडलं. नियम माहीत असणं वेगळं आणि उत्तर कुठल्या आसपास यायला पाहिजे हे आधी माहीत असणं वेगळं. आमच्याकडे फायरच्या आधी अंतराचा अंदाज घेतात, मग साईट लावतात. अंदाज पक्का असेल तर साईट चुकीची लागली की लगेच खटकतं. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला. गुणाकाराच्या आधी शेजारी पेन्सिलीनं अंदाज लिहायचा, पूर्ण आकडे धरून. ३.२ × १.४ ला तीन एके तीन, म्हणजे उत्तर तीन-चारच्या घरात. मग ४४.८ लिहिताना हातच अडखळतो.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भिलाईचा सोव्हिएत रशियाशी करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली. नेमक्या याच काळात देश आणे-पै सोडून दशमान झाला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो आणि मीटर टप्प्याटप्प्यानं लागू झाले. म्हणजे बाजारातल्या साध्या माणसाला दशांश चिन्हाशी रोजचा संबंध आला तो तेव्हापासून. त्याआधी आपल्याकडे अपूर्णांकाचे पाढेच असायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. आमच्या आजोबांच्या पिढीला हे सगळे तोंडपाठ. आज बघितलं तर पावकी म्हणजे ०.२५ चा पाढा, पाऊणकी ०.७५ चा, औटकी ३.५ चा. आपली म्हातारी माणसं चिन्ह न लिहिता दशांशाचा गुणाकार करत होती. बोरसीच्या बाजारात आजही भाजीवाली बाई दीड किलो लाल भाजीचे पैसे, किलोचा भाव पस्तीस असला तरी, पिशवी उघडायच्या आत सांगते. साडेबावन्न. ती १.५ × ३५ मांडत नाही, पस्तीस आणि त्याचे अर्धे करते. पोरीला ते दाखवलं. दुसऱ्या वेळेपासून बाईच्या आधी उत्तर द्यायची तिची शर्यत सुरू झाली.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड निघाली. ०.४ × ०.२. नियमानं उत्तर ०.०८ येतं, तेही तिला आता काढता येत होतं. पण तिचा विश्वास बसत नव्हता. म्हणाली, "पप्पा, गुणलं की वाढतं ना? हे तर दोन्हीपेक्षा कमी झालं." प्रश्न बरोबर होता. पहिलीपासून तिनं गुणाकारानं संख्या वाढतानाच बघितली होती.

चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा चौरस आखला. शंभर घरं, सगळा चौरस म्हणजे एक. चार उभ्या ओळी निळ्या रंगवल्या, हे ०.४. दोन आडव्या ओळी लाल रंगवल्या, हे ०.२. दोन्ही रंग जिथं एकावर एक आले ती घरं मोज म्हटलं. आठ. शंभरातली आठ. ०.०८. ती बराच वेळ त्या चौरसाकडे बघत राहिली.

मग नकाशाचं उदाहरण घेतलं. कॅडेट्सना शिकवायचा नकाशा घरी आणायचा नसतो, म्हणून मी वहीवरच ६.४ सेंटिमीटरची रेघ ओढली. पन्नास हजारी नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ०.५ किलोमीटर. मग ही वाट किती? ६.४ × ०.५, म्हणजे ३.२ किलोमीटर. तीच रेघ पंचवीस हजारी नकाशावर असेल तर ६.४ × ०.२५, म्हणजे १.६. "अर्ध्यानं गुणायचं म्हणजे अर्धं घ्यायचं," ती स्वतःच म्हणाली, "आणि पावानं गुणायचं म्हणजे पाव घ्यायचं. मग कमीच होणार की." मी काही बोललो नाही. अशा वेळी उस्तादानं गप्प बसायचं असतं.

हा गुणाकार कुणी मांडून दिला म्हणून मी शोधलं, तर एक गंमत सापडली. दशांश अपूर्णांक अरब आणि इराणी गणितज्ञांना आधीपासून माहीत होते, पण युरोपात ते सामान्य माणसाच्या हातात दिले सायमन स्टीव्हिन नावाच्या फ्लेमिश माणसानं, १५८५ साली, एका छोट्या पुस्तिकेतून. हा गडी पुढे प्रिन्स मॉरिसच्या डच फौजेत इंजिनियर आणि क्वार्टरमास्टर होता. म्हणजे आपल्यातलाच! पुस्तिका त्यानं पंडितांसाठी लिहिली नाही. जमीन मोजणारे, कापड मोजणारे, दारूची पिंपं मोजणारे, टांकसाळीतले लोक आणि व्यापारी यांच्यासाठी लिहिली. तो टिंब देत नसे, प्रत्येक अंकापुढे गोलात शून्य, एक, दोन असं लिहून कितवा भाग ते दाखवायचा. गुणाकाराचं त्याचं उदाहरण ३२.५७ × ८९.४६, उत्तर २९१३.७१२२. शेवटच्या अंकांच्या दोन खुणा मिळवा, दोन आणि दोन चार, म्हणजे उत्तराचा शेवटचा अंक चौथ्या जागेवर. आमच्या पोरीच्या पुस्तकातला नियम तो हाच. तिनं ते उदाहरण करून बघितलं. आधी अंदाज लिहिला, तेहतीस नव्वे जवळपास तीन हजार. मग गुणाकार. एक हातचा राहिला, पुन्हा केला, जुळलं.

पण या सगळ्यानं कळलं असं म्हणू. हातात बसायला रोजचा सराव लागतो, आणि तो दिला गावाकडच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी.

आमच्याकडे एक गाय आहे. पोर गावी असताना संध्याकाळी आबांबरोबर डेअरीत जायची. तिथं दूध मोजतात, फॅट बघतात आणि चिठ्ठी देतात. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. ती इकडे आल्यापासून आबांना चिठ्ठी वाचून दाखवायला कुणी नव्हतं, आणि त्यांना चष्म्यातूनही ते पुसट आकडे नीट दिसत नाहीत. एकदा फोनवर सहज म्हणाले, तर पोर म्हणाली, "आबा, मला आकडे सांगा, मी करते."

तेव्हापासून रोज रात्री साडेआठला फोन.

"सात पॉइंट चार लिटर हाय बघ. दर चौतीस पन्नास."

इकडे वहीत ७.४ × ३४.५०. अंदाज, सात चौतीसे दोनशे अडतीस, त्याहून थोडं जास्त. मग ७४ गुणिले ३४५, २५५३०. दोन्हीकडे एकेक अंक, म्हणजे २५५.३०. "आबा, दोनशे पंचावन्न रुपये तीस पैसे. चिठ्ठीत तेवढेच आहेत का?"

"हायत गं बाय."

एका रात्री आबांनी सांगितलेली रक्कम जुळेना. पोरीनं तीनदा केलं. मग म्हणाली, "आबा, सातनंतर लगेच चार आहे की मधे शून्य आहे?" आबांनी चिठ्ठी दिव्याखाली धरली. मधे शून्य होतं. ७.०४. गाय त्या दिवशी कमी दिली होती. रक्कम २४२.८८, चिठ्ठी बरोबर होती. पोरीनं वजाबाकी केली आणि म्हणाली, "पप्पा, या एका शून्याची किंमत बारा रुपये बेचाळीस पैसे." मला वाटतं, दशांश चिन्हानंतरचं शून्य काय करतं हे वर्गात कितीही सांगितलं असतं तरी इतकं पक्कं बसलं नसतं.

आणि खरं सांगू, आबांचाही आवाज बदलला होता. नात लांब गेल्यापासून फोनवर "जेवलीस का, बरी आहेस का" याच्यापुढे बोलणं जात नव्हतं. आता दोघांना रोजचं काम होतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चाचणी झाली. वीसपैकी सोळा. दोन गणितं वेळ संपल्यामुळे सुटली, आणि चिन्ह एकाही ठिकाणी चुकलं नव्हतं. बाईंनी वही चाळली, प्रत्येक गणिताशेजारी पेन्सिलीनं लिहिलेला अंदाज बघितला आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? पोरीनं रेल मिलवाले काका, भाजीवाली आणि आबा अशी तीन नावं घेतली. माझं नाव त्यात नव्हतं, चालायचंच. पाचवीत बसवायचा विषय तिथंच संपला. घरी येऊन हिनं गावी न्यायला म्हणून भरायला काढलेली ट्रंक परत पलंगाखाली सरकवली. त्यावर आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

ज्यांची पोरं दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलतात अशा फौजी भावांना एवढंच सांगतो. पोर नापास झालं की आधी वही बघा. किती आलं नाही ते शाळा सांगतेच, पण काय येतं ते वहीत दिसतं. आमच्या पोरीला गुणाकार येत होता, एक ठिपका जागेवर बसवायचा होता.

सध्या शेकडेवारी सुरू झाली आहे आणि आबांनी पंधरवड्याचं बिल तपासायचं कामही तिच्याकडे दिलंय. पेंडीचे पैसे वजा करून हातात किती राहतात, ते ती काढते. बोरसीतली अजून सव्वा वर्ष शिल्लक आहे. त्याचे दिवस किती, हे तिनं मला विचारलं नाही, स्वतःच ३६५ × १.२५ करून भिंतीवर लिहून ठेवलंय. चारशे छप्पन्न पूर्णांक पंचवीस. तो पाव दिवस मी सुट्टीत धरणार आहे.

जय हिंद.